चौथा गडी

घर कोठे करावे, हा प्रश्न आम्हां धर्मगुरूंच्या वाट्याला येत नाही. महागुरुस्वामींचे पत्र येते, पेट्या भरल्या जातात आणि नव्या धर्मग्रामाच्या अंगणात आम्ही उतरतो. तेथील पाणी गोड आहे की मचूळ, पाऊस किती, ऊन किती, याची आगाऊ चौकशी करण्याची सोय नसते, आणि केली तरी तिचा उपयोग नसतो. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, घराविषयीचा सल्ला मागायला लोक आमच्याकडे येतात. ज्याला स्वतःचे घर नाही त्याला कोणत्याच घराचा लोभ नाही, असा त्यांचा समज असावा. कोणी मुलांच्या शाळेसाठी विचारतो, कोणी पाण्यासाठी, कोणी मुलीच्या स्थळाचा विचार मनात धरून. मात्र बारा महिने टेनिस खेळता यावे म्हणून कोणत्या गावी कायमचे राहायला जावे, असा प्रश्न गेल्या वर्षापर्यंत आम्हांला कोणी घातला नव्हता.

खेळासाठी गाव बदलणे ही विलायती चैन आहे, असे काही वाचकांना वाटेल. कोल्हापूर जिल्ह्यात वावरणाऱ्याला तसे वाटण्याचे कारण नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत कुस्तीला राजाश्रय दिला आणि कोल्हापूर मल्लांचे माहेरघर झाले. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत खेड्यापाड्यांतील पोरे वळकटी घेऊन येत आली आणि लाल मातीशेजारीच राहू लागली. घरची ज्वारी आणि तूप पाठोपाठ गावाकडून येई. खेळासाठी घर सोडणे ही या मातीतली जुनीच रीत आहे. टेनिसच्या बाबतीतही तिचा प्रत्यय आला. पन्हाळा तालुक्यातील यवलूज या गावची ऐश्वर्या जाधव २०२२ साली विम्बल्डनच्या चौदा वर्षांखालील मुलींच्या स्पर्धेत भारतातर्फे खेळली. तिचे टेनिसचे धडे गिरवून झाले ते कोल्हापूर शहरात, मेरी वेदर मैदानावरच्या कोर्टांवर.

पण हे झाले विजिगीषू खेळाडूंचे. साठी ओलांडलेल्या माणसाला ना ढाल मिळवायची असते ना गदा. पहाटे घाम यावा, चार चेंडू मनासारखे जावेत, आणि घरी परतताना अंग हलके वाटावे, एवढीच त्याची मागणी. एवढ्याशा सुखासाठी घर हलवावे काय? संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात खेळालाही सद्गुणांच्या विचारात स्थान दिले आहे, आणि त्या ठिकाणी संत योहानाची एक जुनी आख्यायिका सांगितली आहे. शिष्यांसमवेत खेळताना योहानाला पाहून काही जणांना विषाद वाटला. तेव्हा योहानाने त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला बाणामागून बाण सोडावयास लावले आणि विचारले, हे असेच अखंड चालवशील काय? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्यांना समजावले. सेमिनरीत आम्ही हा भाग अभ्यासला तो परीक्षेसाठी. संध्याकाळी घंटा वाजली की पुस्तक मिटून मैदानावर जाण्याचा दंडक होता, त्याचे समर्थन अक्वायनस यांच्याकडे सापडते, याचाच तेव्हा आम्हां तरुणांना अधिक आनंद झाला.

प्रश्न विचारणारे गृहस्थ वारणानगरचे. जन्मभर अध्यापन करून ते निवृत्त झालेले. सगळे त्यांना 'सर' म्हणतात. वारणानगर हे मुळात माळावर वसवलेले गाव. तात्यासाहेब कोरे यांनी तेथे सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि त्यामागोमाग दूध, बाजार, शाळा-महाविद्यालये, मुलांचा वाद्यवृंद, कुस्तीचे मैदान अशी एकेक गोष्ट आली. नोकरीच्या निमित्ताने येथे बाहेरून पुष्कळ माणसे आली, त्यांत आपली आठ-दहा ख्रिस्ती कुटुंबेही. महिन्यातून दोन रविवारी आम्ही तेथे मिस्सा अर्पण करण्यास जात असू, ती सरांच्याच सोप्यात होई.

सरांचा मुलगा पुण्यात स्थायिक झाला आहे. त्याच्या इमारतीच्या आवारात टेनिसचे कोर्ट आहे, रात्रीचे दिवे आहेत. तो म्हणतो, या. सरांचा स्वभाव हिशेबी. त्यांनी एक वही केली होती. पाऊस, उष्मा, कोर्टाची जात, वर्गणी आणि इस्पितळ असे पाच रकाने, आणि डावीकडे पुणे, बंगळूर, पाचगणी, गोवा, कोल्हापूर, वारणानगर अशी गावांची नावे. वही आमच्यासमोर उघडून ते म्हणाले, "फादर, धर्मगुरू म्हणून नको, टेनिस खेळणारा माणूस म्हणून सांगा." आतून बाई चहा घेऊन आल्या. वहीकडे पाहून म्हणाल्या, "ह्यांच्या वहीत सगळं आहे बघा फादर, चर्चचा रकाना तेवढा नाही."

हा रकाना आपण मागाहून पाहू. आधी सरांचे रकाने, कारण त्यांतही जाणून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिला पावसाचा. आपल्याकडे टेनिसला चातुर्मास असतो. जूनपासून सप्टेंबरअखेर मातीचे कोर्ट चिखल होऊन पडते. पण पाऊस सर्वत्र सारखा नाही. एकट्या कोल्हापूर जिल्ह्यातच पश्चिमेला गगनबावड्यास वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, आणि पूर्वेला शिरोळकडे जावे तर पाचशे-सहाशेवर भागते. जेमतेम शंभर किलोमीटरांत एवढा फरक! मग टेनिससाठी शिरोळच उत्तम नव्हे काय? सरांनी तेही नाव वहीत लिहून पुन्हा खोडले होते. आभाळातून कमी पडणारे पाणी तेथे नदीवाटे येते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेने त्या तालुक्याची काय दशा केली ते आपण पाहिले आहे. गाव निवडताना केवळ पर्जन्यमापकाकडे पाहू नये, वरच्या अंगाला कोणते पाणी साठते तेही पाहावे, हा धडा टेनिसपुरताच मर्यादित नाही.

पुण्याचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या घरातला, बराचसा रिमझिम. खेळाची परंपरा जुनी. डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ मधली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचे संकुल उभे राहिले, आणि २०१८ ते २०२३ या काळात तेथे महाराष्ट्र ओपन ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. बंगळूर त्याहून सरस म्हणावे लागेल. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंची, उन्हाळा सौम्य, आणि पाऊस बहुधा दुपार टळल्यावर येणारा. पहाटे खेळणाऱ्याचे त्यात फारसे बिघडत नाही. पाचगणीची हवा सुंदर, पण पावसाळा दांडगा. शिवाय ते गाव चार हजार फुटांहून उंच. तेथील विरळ हवेत चेंडू नेहमीपेक्षा वेगाने आणि दूर जातो, म्हणून एवढ्या उंचीसाठी निराळा चेंडू बनवतात. गोवा आणि वसई यांच्या पावसाविषयी आमच्या वाचकांना आम्ही काय सांगावे? तेथे चार महिने छपराखालचाच खेळ बरा.

छपराखालच्या खेळावरून सांगलीच्या नंदू नाटेकरांची आठवण होते. तरुणपणी ते टेनिसही खेळत. कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हार झाल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले, आणि १९५६ साली परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. बॅडमिंटनला इंग्रजांनी एके काळी 'पूना' हेच नाव दिले होते. आमचा अनुभव असा की आपल्या मुलुखात बारमाही टेनिस हवे असणाऱ्याने आठ महिने टेनिस आणि चार महिने बॅडमिंटन असा करार निसर्गाशी करावा. मनगट मोकळे राहते आणि दसऱ्याला पुन्हा मैदानात उतरताना दम लागत नाही.

कोर्टाची जात हा रकाना वयस्करांनी विशेष विचारात घ्यावा. सिमेंट किंवा डांबरावर रंगाचा लेप दिलेले कोर्ट पाऊस थांबल्यावर तासाभरात वाळते; बारमाही खेळाला तेच सोयीचे. पण ते गुडघ्यांवर कठोर. मातीचे कोर्ट पाय सरकू देते, चेंडूचा वेग कमी करते, म्हाताऱ्याला चेंडूपर्यंत पोहोचायला अवधी देते. मात्र ते रोज निगा मागते. कोर्ट दक्षिणोत्तर आखलेले आहे ना, तेही पाहावे. पूर्व-पश्चिम कोर्टावर सकाळ-संध्याकाळ एका बाजूच्या खेळाडूला सूर्याशीच सामना करावा लागतो.

आता वारणानगरच्या कोर्टाविषयी. सर जेथे खेळत ते ना क्लबचे, ना संस्थेचे. गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याच्या मळ्यातले ते कोर्ट. टेनिसच्या कोर्टाला भोवतालच्या मोकळ्या जागेसह एकशेवीस फूट लांबी आणि साठ फूट रुंदी लागते, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत साडेसहा गुंठे. या गृहस्थांनी पंधरा वर्षांपूर्वी ऊस तुटल्यावर तेवढे रान पुन्हा लावलेच नाही. मुरूम टाकला, माती चाळून पसरली, पाणी मारून रोलर फिरवला आणि वर शेणाचा सडा-सारवण केले. त्यांना हे कोणी शिकवले नव्हते. मळणीयंत्रे येण्यापूर्वी दर सुगीला खळे करण्याची हीच रीत होती. त्यांनी खळेच केले, फक्त मोठे. फक्कीच्या रेघा मारल्या, जाळी बांधली. सर, कारखान्यातील एक केमिस्ट, शेजारच्या कोडोलीचे एक डॉक्टर आणि हे शेतकरी असा चौघांचा डाव जमला. आमचा मुक्काम असेल त्या सकाळी आम्ही पाचवे. दर पावसाळ्यात ते खळे वाहून जाते, आणि दर नवरात्रात पुन्हा केले जाते. खंडेनवमीला शेतकऱ्याच्या अवजारांशेजारी रोलर आणि चार रॅकेटी ठेवून त्यांवर झेंडूची फुले वाहिली जातात. सर आणि आम्ही बाजूला आदराने उभे राहतो, आणि मग सगळे मिळून पोहे खातो.

गुंठ्याला एक टन ऊस आणि टनाला तीन हजारांच्या आसपास दर धरला तर हे शेतकरी या खेळापायी वर्षाला वीस हजार रुपयांच्या उसावर पाणी सोडतात. एकदा आम्ही त्यांना तसे म्हटले. त्यांचे उत्तर आम्ही विसरलो नाही. "उसाचं काय फादर, दरसाल येतोयच की. चार माणसं दरसाल जमत्यात व्हय?"

सरांच्या वहीत राहून गेलेला रकाना चर्चचा एकटाच नव्हता, हाही होता. खेळाला सोबती कोण? टेनिस एकट्याने खेळता येत नाही. भिंतीशी खेळता येते, पण भिंत चुकत नाही, हसत नाही आणि तब्येतही विचारत नाही. कोपनहेगनमध्ये साडेआठ हजारांवर माणसांची पंचवीस वर्षांपर्यंत पाहणी करून २०१८ साली काही निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बैठे आयुष्य काढणाऱ्यांच्या तुलनेत धावणाऱ्यांचे आयुर्मान सुमारे तीन वर्षांनी, बॅडमिंटन खेळणाऱ्यांचे सहा वर्षांनी, तर टेनिस खेळणाऱ्यांचे साडेनऊ वर्षांहून अधिक जास्त आढळले. टेनिस खेळणारे मुळातच खाऊनपिऊन सुखी असतात हे त्यात जमेस धरले पाहिजे, आणि खेळानेच आयुष्य वाढले असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. तरी अभ्यासकांनी एका गोष्टीकडे बोट दाखवले. जे खेळ दुसऱ्याच्या संगतीनेच खेळावे लागतात तेच या यादीत वरचे आहेत. माणूस केवळ पळण्याने जगत नाही. कोणी आपली वाट पाहत आहे या जाणिवेनेही जगतो. साडेसहाला सर आले नाहीत तर पावणेसातला डॉक्टरांचा फोन येई.

एवढे आम्ही सरांना सांगितले आणि त्यांची मुद्रा खुलली. पुणे मागे पडले, वारणानगर वर आले. तेव्हा बाईंनी पुन्हा तोंड उघडले. त्या मितभाषी आहेत. म्हणाल्या, "ह्यांची वाट बघणारे तिघं आहेत. मी कुणाची वाट बघायची? तीस वर्षं महिन्याला दोन मिस्सा. रोज सकाळी मिस्सेला चालत जाता येईल असं घर मी लग्नापासून मागतेय."

या वाक्याने आमची अडचण झाली. टेनिस खेळणारा माणूस म्हणून सल्ला द्यायला बसलेल्या आमच्या अंगावरचा झगा काही उतरला नव्हता. पुण्यात बाईंना हाकेच्या अंतरावर चर्च मिळाले असते, पण सरांना वेळ नोंदवून मिळणारे कोर्ट आणि रोज नवा अनोळखी प्रतिस्पर्धी. वारणानगरात सरांना त्यांचा डाव होता, आणि बाईंना पंधरा दिवसांची प्रतीक्षा. त्यातच आमचाही एक स्वार्थ होता. ते दोघे गेले तर तेथील मिस्सेचे घर जाणार होते, ही गोष्ट त्या दिवशी कोणी उच्चारली नाही, पण तिघांच्याही मनात ती होती.

परमगुरुस्वामी लिओ चौदावे यांचे उदाहरण त्या दिवशी आम्ही दिले. ते हौशी टेनिसपटू आहेत, हे २०२५ च्या मे महिन्यात त्यांची निवड झाल्यावर जगाला कळले. २०२३ साली, रोममध्ये नव्यानेच दाखल झाले असताना, एका मुलाखतीत त्यांनी सांगितले होते की पेरू सोडल्यापासून सरावाची संधी फारशी मिळालेली नाही आणि पुन्हा कोर्टावर जाण्याची आपण वाट पाहत आहोत. पेरूच्या ज्या चिक्लायो धर्मप्रांताचे ते बिशप होते, तो प्रदेश सागरकाठचा कोरडा. एल निन्योची वर्षे सोडली तर पाऊस नावालाच. बारमाही टेनिसला याहून चांगली जागा कोणती? ती सोडून ते रोमला आले, कारण बोलावणे आले. त्या वेळी त्यांच्याकडे काम होते बिशपांच्या नेमणुकांचे, म्हणजे इतरांनी कोठे राहावे हे ठरवण्यास साहाय्य करण्याचे. निवडीनंतर आठवड्याच्या आत यानिक सिनर त्यांना भेटायला गेला आणि त्याने त्यांना रॅकेट भेट दिली. त्या चित्राकडे पाहून आम्हांला वाटले, ज्याने खेळासाठी गाव निवडले नाही, त्याच्याकडेही खेळ वाट काढत येतो.

हे ऐकून बाई म्हणाल्या, "परमगुरुस्वामींच्या बायकोला विचारायचं नव्हतं, म्हणून सोपं गेलं." आम्ही सगळेच हसलो. पण त्या हसण्यातून एक गोष्ट आम्हांला उमगली, ती सर्व वाचकांपुढे ठेवतो. आम्ही व्रतस्थ माणसे आज्ञेने गाव बदलतो, आमचे एका पत्राने भागते. प्रापंचिकाला आज्ञा करणारे कोणी नसते. पतिपत्नींनी एकमेकांची आज्ञा व्हायचे असते. त्यांच्या घराची निवड हेच त्यांचे आज्ञापालन. म्हणून एकाचा संपूर्ण आनंद आणि दुसऱ्याची संपूर्ण माघार अशा जागेपेक्षा, दोघांनाही थोडे चालावे लागेल अशी जागा बरी.

तशी जागा तीनशे मैलांवर शोधावी लागली नाही. ती तीस किलोमीटरांवर होती. गेल्या दिवाळीनंतर सर आणि बाई कोल्हापूर शहरात भाड्याच्या घरात राहायला गेले. विकत घेण्याची घाई करू नका, एक पावसाळा काढा, गावाचा सर्वांत वाईट महिना पाहून मग ठरवा, असे आम्ही सुचवले होते. यंदाचा पावसाळा त्यांनी तेथे काढला. बाई रोज सकाळी पायी मिस्सेला जातात आणि गायनवृंदात गातात. सर शहरातल्या एका कठीण कोर्टावर आठवड्यातून तीनदा खेळतात. गुडघा कुरकुरतो, असे ते सांगतात, आणि तेथील सोबत्यांची नावे अजून चुकतात, असेही. शनिवारी पहाटेची एस.टी. धरून ते वारणानगर गाठतात. ठरलेल्या रविवारची मिस्सा आता एका परिचारिकेच्या घरी होते. घर लहान आहे, काहींना अंगणात उभे राहावे लागते.

जखऱ्या संदेष्ट्याने पुनर्वसित यरुशलेमचे जे चित्र रंगवले आहे, त्यात तटबंदी किंवा खजिना यांवर त्याची दृष्टी रेंगाळत नाही. काठी टेकीत चौकात बसलेले वृद्ध स्त्रीपुरुष आणि रस्त्यांत खेळणारी मुले-मुली, एवढेच तो दाखवतो. देवाने वसवलेल्या नगराची हीच ओळख त्याला पुरेशी वाटली. गाव निवडणाऱ्याने ही खूण सोबत न्यावी. जेथे म्हातारे निवांत बसले आहेत आणि पोरे खेळत आहेत, तेथे पाणी, हवा आणि शेजार बहुधा ठीक असतो. कोर्ट नसले तर ते करता येते.

वारणाकाठचा मळा मात्र आठवड्याचे सहा दिवस अडून राहिला आहे. तिघांनी दुहेरी खेळता येत नाही. दसरा तोंडावर आला, खळे पुन्हा करायचे की ते साडेसहा गुंठे उसाखाली घ्यायचे, असे शेतकऱ्याच्या मुलाने बापाला विचारले. बापाने अद्याप बेणे आणलेले नाही. रोलरला मात्र वंगण दिले आहे. आमच्या वाचकांपैकी कोणाची त्या बाजूला बदली होत असेल आणि पहाटे उठण्याची सवय असेल, तर कळवावे. वर्गणी नाही. चौथ्या गड्याची जागा रिकामी आहे.